ई-पुस्तक परत केल्यावरही आपलं नाव त्याला चिकटून का राहावं?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने ई-पुस्तकांची देवघेव सुरू करायचं ठरवलंय आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. नवी पुस्तकं आमच्याकडे यायला वर्ष उलटतं, कधी येतच नाहीत. आता ती फोनवर मिळणार, चौदा दिवस वाचायची, मुदत संपली की आपोआप परत.

फॉर्म मात्र वाचला आणि थांबले. नाव, पत्ता, मोबाईल हे ठीक. पुढे जन्मतारीख, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आधार कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. ॲप फोनमधले कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागतं. शिवाय त्यात 'माझं वाचन' नावाचं एक पान आहे. आजवर घेतलेलं प्रत्येक पुस्तक तिथे तारखेसकट दिसतं, कितव्या पानापर्यंत वाचलं तेही दिसतं. पुसायचं बटण कुठेच नाही. टेबलावरच्या मुलाला विचारलं, ही माहिती राहते कुठे? तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतंय, आम्हालाबी नक्की माहीत नाही." त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. कार्यवाह सरळ माणूस आहेत, ऐकून घेतात. पण तिथे 'मला हे बरं वाटत नाही' एवढं म्हणून भागणार नाही, नेमकं काय बदला ते सांगावं लागेल. ग्रंथालयात काम केलेले, सॉफ्टवेअरमधले, कायद्यातले कुणी असाल तर बोला. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक माझ्याकडे आहे तोवर त्यापुढे माझं नाव जरूर असावं. ते परत गेल्यावर नाव ठेवायचं कारण काय?

सीताफळ (सोमवार, रात्री ९.५२)

ताई, धागा काढला ते लई बरं केलं. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं एका वाचनालयाचं असंच ॲप चालू हाय. काय झालं ते सांगतो, गावाचं नाव घेत नाही.

आमच्या गल्लीतली एक लेक माहेरी आलेली. सासरचे नांदवीत नव्हते. तिनं पोटगी आन् घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक ॲपवरून घेतलं. तिच्या नावावर सिमकार्ड नाही, म्हणून फॉर्मवर भावाचा नंबर दिलेला. चौदा दिवस व्हायला आले तसा भावाच्या फोनवर मेसेज आला, पुस्तकाचं पुरं नाव घालून, की 'या पुस्तकाची मुदत उद्या संपत आहे'. भाऊ तवा चहाच्या हॉटेलात बसलेला, फोन टेबलावर. शेजारच्यानं वाचलं. दिवस मावळायच्या आत सगळ्या भावकीला कळलं की पोरगी वकिलाकडं चाललीय. तिनं तोवर आईलाबी काही सांगितलं नव्हतं. सासरी निरोप गेला आन् समेटाची जी बोलणी चालू होती ती तिथंच मोडली.

कागदी पुस्तक असतं तर तिनं त्याला पेपरचं कव्हर घातलं असतं. या मेसेजला कव्हर कोण घालणार?

बालाघाट (सोमवार, रात्री १०.१५)

वाईट झालं. पण एक विचारतो, राग मानू नका. मी काय वाचतो ते मी चारचौघांत सांगतो. वाचनात लपवण्यासारखं काय असतं? उलट कोण काय वाचतं हे वाचनालयाला कळलं तर पुढच्या खरेदीत त्याच विषयाची पुस्तकं येतील. आमच्या गावात शेतीची पुस्तकं कुणीच नेत नाही असं वाटायचं. रजिस्टर चाळल्यावर कळलं की डाळिंब आणि रेशीम शेतीची पुस्तकं सारखी बाहेर असतात, मग तीच जास्त घेतली.

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०.३१)

बालाघाट दादा, राग कसला. डाळिंबाची पुस्तकं जास्त जातात हे कळायला 'डाळिंबाचं पुस्तक या वर्षी किती वेळा बाहेर गेलं' एवढा आकडा पुरतो. ते कुणी नेलं हे कशाला लागतं? मी मोजणीच्या विरोधात नाही. मोजणीत नाव अडकवायच्या विरोधात आहे.

आणि तुम्ही चारचौघांत सांगता तो तुमचा निर्णय असतो. सीताफळ यांनी सांगितलेल्या लेकीला तो निर्णय घ्यायलाच मिळाला नाही.

जुना ग्रंथपाल (मंगळवार, सकाळी ७.२०)

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, छत्रपती संभाजीनगरला असतो. या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

संगणक यायच्या आधी आमच्याकडे ब्राऊन पद्धत होती. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बसवली आणि भारतातल्या बऱ्याच ग्रंथालयांनी उचलली. प्रत्येक पुस्तकात एक छोटं पुस्तक-कार्ड असायचं आणि वाचकाकडे खिशासारखी तिकिटं असायची. पुस्तक नेताना पुस्तक-कार्ड त्या खिशात घालायचं आणि परतीच्या तारखेप्रमाणे ट्रेमध्ये उभं लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हातात. पुस्तकाला चिकटवलेल्या तारीख-पट्टीवर फक्त तारखांचे शिक्के. म्हणजे पुस्तक बाहेर असेतो ते कुणाकडे आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक असायचं, आणि परत आल्या क्षणी तो दुवा तुटायचा. सहा महिन्यांनी कुणी येऊन 'अमक्याने काय काय वाचलं' असं विचारलं असतं तर इच्छा असूनही आम्हाला सांगता आलं नसतं. गोदाकाठ ताई जे मागत आहेत ते नवं नाही, शंभर वर्षं चाललेलं आहे.

सगळीकडे असं नव्हतं हेही खरं. गावोगावच्या वाचनालयांत सभासदाच्या नावाचं पान असलेलं देवघेव रजिस्टर असायचं, त्यात सगळा इतिहास राहायचा. पण ते रजिस्टर एका कपाटात असे आणि ते चाळायला माणसाला तिथे येऊन बसावं लागे. आता तीच माहिती एका क्लिकवर नावानिशी, विषयानिशी लावून मिळते, तिची प्रतही क्षणात निघते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यातली दोन. आपलं नाव कुठेतरी लागणार या धास्तीने वाचक पुस्तक मागायलाच आला नाही, तर ही दोन्ही सूत्रं मोडतात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच वाचकाची माहिती गोपनीय ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य मानलं. ते त्यांनी पाळूनही दाखवलं. २००५ मध्ये एफबीआयने कनेक्टिकट राज्यातल्या ग्रंथालयांच्या एका सहकारी संस्थेकडे संगणक वापराच्या नोंदी मागितल्या आणि याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही अशी बंदी घातली. चार ग्रंथपाल कोर्टात गेले. २००६ मध्ये बंदी उठली आणि नोंदींची मागणीही मागे घेतली गेली. त्या काळात तिकडच्या अनेक ग्रंथालयांनी एक साधी गोष्ट केली, परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवणंच बंद केलं. जे कपाटात नाही ते कुणी मागूही शकत नाही.

देवणी (मंगळवार, सकाळी ८.०५)

ग्रंथपाल सर, फार मोलाचं लिहिलंत. उदगीरकडचा माणूस म्हणून एक जोडतो. आपल्या मराठवाड्याला याची ओळख पुस्तकातून करून घ्यायची गरज नाही. निजामाच्या राजवटीत गश्ती क्रमांक ५३ होती, सभा-संमेलनाला आधी सरकारी परवानगी लागायची. राजकीय संघटनेला वाव नाही म्हणून माणसं वाचनालयं, व्याख्यानमाला, गणेशोत्सव यांच्या आधाराने एकत्र यायची, आणि त्यामुळेच वाचनालयांवर सरकारची नजर असायची. आजोबा सांगायचे, बाहेरून आलेलं वर्तमानपत्र घडी घालून धोतराच्या सोग्यात न्यायचे आणि एका घरातून दुसऱ्या घरात फिरवायचे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर जन्मलेल्या पिढ्यांना ती भीती माहीत नाही, हे आपलं भाग्य. पण आपण काय वाचतो याची यादी दुसऱ्याच्या हाती असली तर काय होऊ शकतं, हे विसरायला नको.

औश्याचा कोडवाला (मंगळवार, दुपारी १.४०)

गाव औसा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

आधी हे समजून घ्या की उधारीच्या ई-पुस्तकाला सर्व्हरवर काही नोंद लागतेच. वाचनालयाने प्रकाशकाकडून एका पुस्तकाच्या समजा दोन प्रतींचा परवाना घेतला, तर एका वेळी दोघांनाच ते देता येतं. कुणाकडे आहे, कधी संपतं, कुठल्या फोनवर उघडलंय, हे कळल्याशिवाय कुलूप लावता आणि काढता येत नाही. त्यामुळे 'काहीच नोंद ठेवू नका' असं बैठकीत म्हणू नका, कंपनीवाला एका वाक्यात उडवून लावेल. म्हणायचं असं की मुदत संपल्यावर त्या नोंदीचं काम संपलं, आता सभासद क्रमांक काढून टाका आणि नुसता आकडा ठेवा.

वाचलेल्या पानाची नोंद हा वेगळा भाग आहे. फोनवर अर्धं वाचलं आणि उरलेलं टॅबवर उघडलं तर तेच पान यावं म्हणून ती सर्व्हरवर पाठवतात. सोय चांगली आहे, पण ज्याला हवी त्याने चालू करावी. मुळात ती बंद असावी. एकाच फोनवर वाचणाऱ्याचं पान फोनमध्येच साठवता येतं.

ॲपच्या पोटात काय आहे हेही विचारा. पुष्कळ ॲपमध्ये जाहिरात कंपन्यांचे किंवा वापर मोजणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांचे तुकडे बसवलेले असतात. वाचनालयाने कुणाशी करार केला नाही, सभासदाने कुणाला होकार दिला नाही, तरी कुठलं पान उघडलं ते तिकडे जातं. कॉन्टॅक्ट आणि लोकेशनचं तर पुस्तक वाचायला काडीचंही काम नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही परवानग्या नाकारा. त्यावाचून ॲप चालत नसेल तर ॲपच सदोष आहे.

आणि हे सगळं कल्पनेतलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झालं की ॲडोबी डिजिटल एडिशन्सची चौथी आवृत्ती वाचकाने कुठलं पुस्तक उघडलं, कुठली पानं वाचली, हे कंपनीकडे पाठवते, आणि तेही कसलंही कूटलेखन न करता साध्या मजकुरात. म्हणजे वायफायवर मधे बसलेल्या कुणालाही ते वाचता यावं. जगभरच्या ग्रंथालयांची ई-पुस्तकं त्या सॉफ्टवेअरमधून वाचली जात होती. ओरड झाल्यावर कंपनीने दुरुस्त आवृत्ती काढली. ग्रंथपालांनी आणि वाचकांनी खोदून विचारलं म्हणून ते घडलं.

सीताफळ (मंगळवार, दुपारी २.०५)

कोडवाले दादा, त्या मेसेजचं काय करायचं ते सांगा ना. पुस्तकाचं नाव त्यात यायलाच पाहिजे का?

औश्याचा कोडवाला (मंगळवार, सायंकाळी ६.३०)

अजिबात नाही. 'सभासद क्र. अमुक, आपल्याकडील एका पुस्तकाची मुदत उद्या संपते' एवढं पुरे. पुस्तकाचं नाव ॲप उघडून, पिन टाकून आत गेल्यावरच दिसावं.

एक बारकावा. आपल्याकडे संस्थांना असे एसएमएस पाठवायचे तर मजकुराचा नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी-पोर्टलवर, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. त्या नमुन्यात पुस्तकाच्या नावासाठी रिकामी जागा ठेवलेली असेल, म्हणून ते येतं. मजकूर बदलायचा तर नवा नमुना नोंदवावा लागेल. कंपनी 'सिस्टीममध्ये तसं नाही' म्हणाली तर हे माहीत असू द्या. काम थोड्या दिवसांचं आहे, अशक्य मुळीच नाही.

ड वर्गाचा कार्यवाह (मंगळवार, रात्री ९.००)

कळंबकडच्या एका छोट्या वाचनालयाचा मी कार्यवाह. दुसरी बाजूही ऐकावी म्हणून लिहितो.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमची मान्यता आणि अनुदान. तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखल रजिस्टर, सभासद रजिस्टर, देवघेव, वाचकांची हजेरी हे सगळं दाखवावं लागतं. आकडा दाखवला आणि त्यामागे नावं नसली तर 'हे खोटं कशावरून नाही' असं विचारतील. आधार घेतो ते पुस्तकं बुडतात म्हणून. माणूस गाव सोडून ऊसतोडीला, नाहीतर पुण्याला कंपनीत जातो, पुस्तक घेऊनच. अनामत रकमेत आज पुस्तक येत नाही. आम्ही काही कुणावर पाळत ठेवायला बसलो नाही हो, दोन माणसांत वाचनालय चालवतो.

जुना ग्रंथपाल (मंगळवार, रात्री ९.४५)

कार्यवाह साहेब, तुमची अडचण मी जवळून पाहिली आहे आणि तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खेड्यात पुस्तक पोहोचतं. पण तुम्ही दिलेली दोन्ही कारणं कागदी पुस्तकाची आहेत. ई-पुस्तक घेऊन कुणी ऊसतोडीला गेला तरी चौदाव्या दिवशी ते आपसूक परत येतं. ते फाटत नाही, बुडत नाही. जी भीती उरलीच नाही तिच्यासाठी आधारची झेरॉक्स कशाला? पुढे ती झेरॉक्स तुमच्या कपाटातून गेली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तपासणीसाठी एकूण देवघेव, विषयवार देवघेव, चालू सभासद हे आकडे लागतात. ते खरे आहेत हे दाखवायला रोजचा अहवाल काढून त्यावर तारीख आणि सही घ्या. परत आलेल्या पुस्तकापुढचं नाव गेलं तरी 'एक देवघेव झाली' ही नोंद जात नाही.

हे सॉफ्टवेअरमध्ये बसतं का, तर बसतं. कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेतून जन्मलेलं मुक्त सॉफ्टवेअर आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांत आहे. त्यात वाचकाला स्वतःच्या नोंदीबद्दल तीन पर्याय देता येतात: कायम ठेवा, ग्रंथालयाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत ठेवा, किंवा ठेवूच नका. तिसरा निवडला की पुस्तक परत येताच ती देवघेव एका 'अनामिक सभासदा'च्या नावावर जाते. आकडा शाबूत राहतो, माणूस मोकळा होतो. फक्त हा अनामिक सभासद आधी तयार करून सेटिंगमध्ये त्याचा क्रमांक घालावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी ते कुणी केलेलंच नसतं. सोय आहे, चालू केलेली नाही, असा प्रकार. जुन्या नोंदी एकदम अनामिक करण्याचं साधनही त्यात आहे.

काळा कोट (बुधवार, सकाळी ८.५०)

अंबाजोगाईला वकिली करतो. कोर्टात जायच्या आधी थोडक्यात कायदा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यापुढे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. वाचनालयांनी आत्ताच तयारी केली तर पुढचा त्रास वाचेल.

तुमच्या कामाचं त्यात पुष्कळ आहे. कशासाठी माहिती घेताय ते सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना इंग्रजीबरोबरच संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची. म्हणजे मराठीत मागणं हा तुमचा हक्क आहे. त्या कामाला लागेल तेवढीच माहिती संमतीच्या नावाखाली घेता येते. एका पुस्तकाच्या उधारीसाठी वार्षिक उत्पन्न आणि लोकेशन कसं लागतं, हे त्यांना समजावून सांगता येणार नाही. काम संपलं की माहिती पुसायची. वाचकाला आपल्याबद्दल काय साठवलंय ते विचारता येतं, दुरुस्त करून आणि पुसून घेता येतं.

सर्वांत महत्त्वाचं कार्यवाह मंडळींसाठी. 'माहिती कंपनीकडे आहे, आमच्याकडे नाही' हे उत्तर चालणार नाही. ज्याने माहिती कशासाठी घ्यायची हे ठरवलं तो जबाबदार, कंपनी त्याच्या वतीने काम करते. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. गावच्या वाचनालयाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण जबाबदारी कुणाची हे त्यावरून कळावं. म्हणून कंपनीशी करार करताना या अटी लेखी घ्या.

अमेरिकेत ४८ राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदींच्या गोपनीयतेचे स्वतंत्र कायदे आहेत. आपला १९६७ चा कायदा स्थापना, मान्यता, अनुदान यांचा आहे. म्हणून आत्ता तरी प्रत्येक वाचनालयाने आपल्या नियमावलीत एक कलम घालणं हाच जवळचा मार्ग.

लातूरकर आई (बुधवार, दुपारी ३.१५)

माझी मुलगी अकरावीत आहे, नीटची तयारी करते. तिच्या अभ्यासिकेच्या डिजिटल लायब्ररीतून दर आठवड्याला माझ्या फोनवर अहवाल येतो, कुठलं पुस्तक किती वेळ उघडं होतं याचा. खरं सांगते, मला त्याचा आधार वाटतो. घरापासून दूर ठेवलंय लेकराला, पैसा ओतलाय, दिवसभर काय करते ते कळायला नको का? मोठ्यांसाठी तुम्ही म्हणता ते पटतं. मुलांच्या बाबतीत नाही पटत.

काळा कोट (बुधवार, सायंकाळी ७.१०)

ताई, १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कायदा आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागतो, तेव्हा तुमचा शब्द त्यात आहेच. पण हाच कायदा मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही मनाई करतो. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सवलत आहे, तीही शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती.

नर्सिंगवाली हिंगोली (बुधवार, रात्री ८.४०)

आई म्हणून तुमची काळजी मला समजते ताई, मलाही दोन मुली आहेत. ग्रामीण रुग्णालयात काम करते. सोळा-सतरा वर्षांच्या मुली आमच्याकडे येतात तेव्हा पाळी, पांढरं जाणं, छातीतली गाठ यांबद्दल काही म्हणता काही वाचलेलं नसतं. का नाही वाचलं असं विचारलं की एकच उत्तर, 'घरी कळलं असतं'. एकीने तर पुस्तक उघडून दोन मिनिटांत बंद केलं होतं, कारण वर तिचं नाव आणि 'पालकांना अहवाल पाठवला जाईल' असं येत होतं. ज्या दिवशी मुलीला मन उदास आहे, झोप नाही, जगावंसं वाटत नाही म्हणून काहीतरी वाचावंसं वाटेल, त्या दिवशी ते पुस्तक तिने बिनधास्त उघडावं असं मला वाटतं. भौतिकशास्त्राच्या तासांचा अहवाल घ्या हवं तर. बाकी कपाट तिला मोकळं असू द्या.

लातूरकर आई (बुधवार, रात्री ९.२५)

हे वाचून बराच वेळ विचार केला. अभ्यासाच्या पुस्तकांचा अहवाल मला हवाच आहे, त्यावरून मी हलणार नाही. पण अवांतर पुस्तकांची नावं त्यात नकोत असं अभ्यासिकेला सांगते. आणि हा अहवाल येतो हे मुलीला माहीत आहे का, ते तिला आजच विचारणार आहे.

शोधक (गुरुवार, सकाळी १०.३०)

ज्यांना खातं न काढता वाचायचंय त्यांच्यासाठी. मराठी विकिस्रोत आणि मराठी विश्वकोश या दोन्ही ठिकाणी खातं न उघडता वाचता येतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, त्यामुळे जुन्या मराठी साहित्याचा मोठा ठेवा असा नाव न सांगता मिळतो.

इंटरनेट अर्काइव्हवरही जुनी मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत. मोकळी पुस्तकं तशीच उतरवता येतात, उधारीच्या पुस्तकाला मात्र खातं लागतं. २०२४ मध्ये त्यांच्या ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली, त्यात ई-मेल, वापरनावं आणि कूटबद्ध पासवर्ड होते. ती संस्था मला फार जवळची आहे, वाचकांच्या बाजूने उभी राहणारी आहे, म्हणूनच हे सांगतो. भल्या माणसांच्या हातात असलेली माहितीसुद्धा चोरीला जाते. अशा खात्यासाठी वेगळा ई-मेल ठेवा आणि बँकेचा पासवर्ड तिथे चुकूनही वापरू नका.

बालाघाट (गुरुवार, दुपारी १२.१०)

सगळं वाचलं. आमच्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे. नर्सिंगवाल्या ताईंचा प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवायची परवानगी द्याल का? नाव-गाव सांगणार नाही.

नर्सिंगवाली हिंगोली (गुरुवार, दुपारी १.००)

जरूर वाचा दादा.

गोदाकाठ (रविवार, रात्री १०.०५)

बैठक झाली. दोन तास चालली, एरवी अर्ध्या तासात चहा होऊन संपते.

आधार आणि उत्पन्नाचा रकाना लगेच काढला, त्यावर कुणी वादच घातला नाही. रहिवासाचा कुठलाही एक पुरावा टेबलावर दाखवायचा, प्रत ठेवायची नाही. मेसेजमध्ये पुस्तकाचं नाव येणार नाही, नवा नमुना नोंदवायला सांगितलंय. कोडवाले दादांनी डीएलटीचं सांगितलं होतं म्हणून कंपनीच्या माणसाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी वाचनालयातला एक संगणक सभासद क्रमांक आणि पिनवर खुला ठेवायचा, हे एका सदस्य काकूंनी सुचवलं आणि मंजूरही झालं. सीताफळ यांनी सांगितलेला प्रसंग मी सांगितला तेव्हा सगळ्यात आधी त्याच बोलल्या.

वाचनाचा इतिहास पुसण्यावर मात्र घोडं अडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, पुढच्या आवृत्तीत करू. कार्यवाहांनी वकील साहेबांचा मुद्दा धरला आणि करारात लेखी आल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलं. मी दिलेलं वाक्य असं: 'पुस्तकाची मुदत संपल्यापासून सात दिवसांत त्या देवघेवीतून सभासदाची ओळख कायमची काढून टाकली जाईल. वाचनालयाला केवळ पुस्तकनिहाय आणि विषयनिहाय आकडे दिले जातील. ही माहिती कोणत्याही तिसऱ्या संस्थेला दिली जाणार नाही.'

यात काही राहिलंय का?

औश्याचा कोडवाला (रविवार, रात्री १०.४०)

फार चांगलं काम केलंत ताई. दोन गोष्टी घाला. एक, बॅकअप. मुख्य सर्व्हरवरून नोंद पुसली तरी बॅकअपमध्ये ती वर्षानुवर्षं पडून राहते, म्हणून 'बॅकअपमधूनही ३० दिवसांत' असं लिहून घ्या. दोन, ज्याला स्वतःच्या वाचनाची यादी हवी असेल त्याला ती आपल्या फोनवर उतरवून घेता यावी. पुष्कळांना ती हौसेने ठेवायची असते.

ड वर्गाचा कार्यवाह (सोमवार, सकाळी ७.१५)

ताई, तुमच्या अर्जाची आणि करारातल्या कलमाची प्रत मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा. आमच्याकडेही तोच माणूस येऊन गेलाय. फक्त एक शंका, कंपनीने खरंच पुसलं की नाही हे आम्हाला कळणार कसं?

औश्याचा कोडवाला (सोमवार, सकाळी ९.००)

कार्यवाह साहेब, समितीतल्या एकाच्या नावाने चाचणीचं खातं काढा. त्यावर दोन पुस्तकं घ्या, वाचा, परत जाऊ द्या. करारातली मुदत उलटली की त्याच सदस्याच्या सहीने कंपनीला लेखी विचारा, 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय साठवलेलं आहे ते द्या.' उत्तरात त्या दोन पुस्तकांची नावं आली तर पुसलेलं नाही. दर सहा महिन्यांनी वेगळ्या सदस्याकडून करून घ्या आणि उत्तराची प्रत इतिवृत्ताला जोडा.